दुसरं उष्टावण

चहा घ्या, माझ्यासाठी थांबू नका. मी आत्ताच अडीच चमचे उपमा खाल्लाय आणि खाल्ल्यानंतर अर्धा तास मला घोटभर पाण्याचीसुद्धा मनाई आहे, तेव्हा तुमचा कप संपून बशी वाळेल तेव्हा कुठे माझी वेळ भरेल. मोबाइलवर गजर लावलाय, वाजला की दचकू नका. बँकेत तो पहिल्यांदा वाजला तेव्हा आमचा रखवालदार बंदूक घेऊन उठला होता, आणि ती बंदूक कुठून धरायची असते हे त्याला आठवेपर्यंत मी दोन घोट ताक पिऊन मोकळाही झालो होतो.

झालंय काय, की मी वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. आठ महिने होतील आता. बॅरिअॅट्रिक सर्जरी म्हणतात त्याला. आईने तो शब्द दोनदा तोंडात घोळवून पाहिला आणि मग सगळ्या नातेवाइकांना फोन करून ‘बाळचं बॅरिस्टरचं ऑपरेशन आहे’ असं कळवून टाकलं. बाळ म्हणजे मी. वय 52, तेव्हाचं वजन 128 किलो. दोन मावश्यांनी अभिनंदन केलं.

उंची पाच फूट सहा इंच आणि वजन हे असं, म्हणजे बीएमआय झाला 45. दहावीत गणिताला मला याहून दोन मार्क कमी होते. हा आकडा काढायची रीत एकोणिसाव्या शतकात केटले नावाच्या बेल्जियन गृहस्थांनी बसवली असं मी वाचलं. हे गृहस्थ मूळचे खगोलशास्त्रज्ञ. ग्रहगोलांची मापं घेणाऱ्या माणसाचं सूत्र फिरत फिरत शेवटी माझ्यापाशी यावं, यात मला तरी नवल वाटलं नाही.

तोवर हातावर हात ठेवून बसलो होतो असं समजू नका. पहाटे टेकडीवर गेलो आणि उतरताना पायथ्याशी पोहे खाल्ले. दुधी भोपळ्याचा रस प्यायलो. दिवसातून दोनदाच जेवा आणि 55 मिनिटांत आटपा, अशी एक पद्धत मध्यंतरी आपल्याकडे घरोघर चालली होती, तीही मनापासून पाळली. पण मला आजवर जेवायला वीस मिनिटांच्या वर कधी कुणी दिलीच नव्हती, त्यामुळे एकदम 55 मिनिटं हाती आल्यावर मी त्यांचं चीज केलं. चार किलो वाढलो.

तर डॉक्टरांनी कागदावर जठराचं चित्र काढलं, भरलेल्या पखालीसारखं. मग त्यावरून उभी रेघ मारली आणि रेघेच्या एका बाजूचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग पेनने खोडून टाकला. उरली एक केळ्याएवढी नळी. पोटावर चार-पाच बारीक भोकं पाडायची, आत दुर्बीण सोडायची, आणि एकाच वेळी कापणारा आणि टाचणारा असा स्टेपलर चालवायचा. पिना टायटॅनियमच्या. आता मी पडलो बँकेतला माणूस. नोटांच्या बंडलांना पिना मारू नका, नोटा फाटतात, असं रिझर्व्ह बँकेने आम्हाला बजावून किती वर्षं लोटली, आणि इथे माणसाच्या पोटाला सर्रास पिना मारतायत, हा मुद्दा मी टेबलावर आडवा झाल्यावर भूलतज्ज्ञांच्या कानावर घालायला सुरुवात केली. पुढचं मला आठवत नाही.

खोडलेल्या त्या भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक बनतं, आणि ‘भूक लागली’ हा निरोप मेंदूकडे तेच पोचवतं. 1999 साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं. आमच्या घरी ते माझ्या जन्मापासून सगळ्यांना माहीत होतं, फक्त नाव ठाऊक नव्हतं. ते गेलं, म्हणजे आता भूक नाही, वखवख नाही, मी आपला तृप्त चेहऱ्याने खिडकीत बसून वर्तमानपत्र वाचतोय आणि बायको कौतुकाने बघतेय, असं एक चित्र मी मनाशी रंगवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलंही होतं की चवी बदलतील, वास सोसणार नाहीत, आवडीचे पदार्थसुद्धा नकोसे होऊ शकतात. मी हसलो. म्हटलं, ‘डॉक्टर, मी हॉस्टेलच्या मेसमध्ये तीन वर्षं काढलीत.’

घरी आलो तेव्हा खोकल्याच्या औषधाचं टोपण हे माझं ताट होतं. 30 मिलिलिटर पाणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा 30. पुढे पातळ, मग गाळलेलं, मग मऊ, मग घट्ट, असे आहारतज्ज्ञ बाईंनी आठवड्यांचे रकाने पाडून दिले होते. बाई म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची मुलगी, मला ‘काका’ म्हणते आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी ‘प्रोटीन’ म्हणते. तो तक्ता आईने चष्मा पुसून पुसून वाचला. म्हणाली, ‘आधी पेज, मग वरणाचं पाणी, मग गुरगुट्या भात. अगं बाई, हे तर मी याला एकदा करून झालंय!’

आणि ती उठून देवघराखालच्या कपाटातून माझ्या उष्टावणाची चांदीची वाटी घेऊन आली. सोबतचा चमचाही. दोन्हींवर काळपट पुटं चढली होती, ती तिने रांगोळी लावून घासून काढली. वाटीच्या काठाला एक पोचा आहे. तो माझ्या पहिल्या दातांचा की बहिणीने फेकून मारल्याचा, हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. त्या वाटीत बरोबर साडेतीन चमचे मावतात. माझ्या नव्या पोटातही तेवढेच मावतात. माझं पोट म्हणे आत्ता कुठे मापात आलंय, असं आई शेजारच्या वहिनींना सांगताना मी ऐकलं.

आईबद्दल एक सांगून ठेवतो. या बाईच्या तोंडून ‘पुरे’ हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. पाणीसुद्धा ती ‘अजून थोडं घे’ म्हणून वाढते. मी पोळीला नको म्हणालो तर तिने कपाळाला हात लावून ताप पाहायचा, ही आमच्या घरची रीत. एकशे अठ्ठावीस किलोंतले निदान शंभर किलो तिच्या हातचे आहेत, बाकीचे मी बाहेरून मिळवले.

पहिला झटका तुपाचा बसला. गुरुवारी सकाळी ती लोणी कढवत होती. वरून विड्याचं पान पडलं होतं, घरभर तो वास. हा वास म्हणजे माझं बालपण हो! तळाच्या बेरीवर साखर घालून पातेलं खरवडण्यासाठी मी आणि बहीण एकमेकांच्या झिंज्या उपटायचो. तर तो वास माझ्या नाकात शिरला, नाकातून थेट त्या केळ्यात उतरला, आणि मी नेसत्या लुंगीनिशी जिना उतरून जो सुटलो तो सोसायटीच्या फाटकापाशी थांबलो. खालचे काका म्हणाले, ‘भूकंप?’ मी मान हलवली. दुसरं काय सांगणार?

दुसरा झटका अळूचा, आणि तो जास्त महागात पडला. बायको अळूचं फदफदं अप्रतिम करते. लग्नाला चोवीस वर्षं झाली, चोवीस वर्षं मी त्याची तारीफ करत आलोय. मऊ आहाराचा आठवडा सुरू झाला म्हणून तिने मुद्दाम शेंगदाणे, खोबरं वगळून, पानं अगदी लोण्यासारखी घोटून ते केलं आणि वाटी माझ्यापुढे ठेवली. मी वाकलो. वास आला. मी वाटी हाताने लांब सारली, नाकाला पंचा लावला आणि वरती ‘हे काय आहे?’ असं विचारलं. खरं म्हणजे ‘मला हे काय होतंय?’ असं विचारायचं होतं.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे चोवीस वर्षं खोटं बोलत होतात तर.’

मी घ्रेलिन समजावून सांगितलं. केळं काढून दाखवलं. चित्राखाली डॉक्टरांची सही आहे हेही दाखवलं. ‘एरवी बरे गोड बोलता, जिभेला हाड नाही, आणि आता जठराला पुढे करता,’ असं म्हणून ती वाटी घेऊन उठली. त्यानंतर कालनिर्णयच्या चौकोनांत, चतुर्थी आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींशेजारी, माझ्या नावडी दिसू लागल्या. ‘अंडं बंद.’ ‘पनीर चालू.’ ‘पनीर बंद.’ ‘कॉफीचा वास बंद, चव चालू.’ त्यातला जाच असा की काल जे गोड लागलं ते आज घशाखाली उतरत नाही, आणि परवा पुन्हा उतरतं. एका महिन्यात मुगाच्या डाळीने तीनदा पक्ष बदलला. बायकोने शेवटी पेन्सिल घेतली, खोडता येते म्हणून.

नाक मात्र असलं काही तयार झालं की विचारू नका. जिन्यातून चढताना कुठल्या मजल्यावर काय शिजतंय ते मला फोडणीवरून कळायचं, इतकंच काय, मोहरी जळली की राहिली तेही. दुसऱ्या मजल्यावर श्रावणात सुकट भाजली गेल्याचं माझ्यामुळे बाहेर आलं आणि त्या घराशी आमचं बोलणं महिनाभर बंद होतं. बँकेतही ही कीर्ती पसरली. रोखपालाचा डबा उघडायच्या आधी मी भाजी ओळखायचो आणि लोक पैजा लावायचे. मला त्याचा थोडा अभिमान वाटू लागला होता. तो कसा उतरला ते सांगतो, पण त्याआधी त्या पावडरीची ओळख करून द्यायला हवी.

दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रोटीन, असा बाईंचा हुकूम. नाहीतर चरबीऐवजी स्नायू झडतात. साडेतीन चमच्यांच्या पोटात 60 ग्रॅम भरायचे कसे? एका अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे दहा अंडी, आणि कालनिर्णयवर तर ‘अंडं बंद’. म्हणून शेक. पावडरीचा एक चमचा म्हणजे साधारण 24 ग्रॅम. चमचा म्हणजे त्या डब्यात येतो तो. आमच्या आमटीच्या पळीची धाकटी बहीण शोभेल असा. तो पावडरीच्या तळाशी गाडलेला असतो, आणि कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय सापडत नाही. दोन किलोंचा डबा, साडेपाच हजार रुपये, चव चॉकलेट. दुकानदार म्हणाला, ‘सर, मोठाच घ्या, स्वस्त पडतो.’ मी हिशेबातला माणूस. मोठाच घेतला.

पहिल्या दिवशी ते बरं लागलं. दुसऱ्या दिवशी फळ्याचा खडू भिजवून त्यावरून चॉकलेटचा कागद फिरवल्यासारखं लागलं. तिसऱ्या दिवशी डबा दिसला तरी घसा आवळायचा. बाई म्हणाल्या, ‘काका, फ्लेवर बदलून बघा.’ मग आंबा आणला. तो आंबा कुठल्या झाडाचा होता ते देवच जाणे, कोकणातला तर नव्हे. मग केशर-पिस्ता. मग कॉफी, जिची चव चालू होती पण वास बंद होता, त्यामुळे मी ती नाक दाबून प्यायचो आणि श्वास घ्यायला थांबलो की ती परत यायची. फडताळात चार डबे ओळीने उभे राहिले. आमच्या पुरणयंत्राला जागा उरली नाही.

बँकेत अकरा वाजता प्यायचा म्हणून एक शेकर घेतला होता. प्लॅस्टिकचा पेला, झाकण, आत तारेचा गोळा. पहिल्याच दिवशी ऑडिटला आलेल्या साहेबांसमोर मी तो आत्मविश्वासाने खळखळवला. झाकणाला एक छोटं बूच असतं आणि ते वेगळं दाबावं लागतं, हे मला त्यांच्या शर्टाकडे बघून कळलं. ‘केशर का?’ ते म्हणाले. सज्जन माणूस. पण ही किरकोळ गोष्ट झाली.

खरी गोष्ट आंब्याच्या शेकची. एका शुक्रवारी मी अर्धा शेक प्यायलो, उरलेला अर्धा टेबलाच्या खालच्या खणात ठेवला आणि गर्दीत विसरलो. शनिवार नेमका दुसरा, मग रविवार, सोमवारी सुटी. मे महिना. मंगळवारी शाखेचं शटर वर गेलं आणि शिपायाने पाऊल मागे घेतलं.

‘उंदीर मेलाय,’ एकमत झालं. मॅनेजर बाईंनी मला बोलावलं. ‘तुमच्या नाकाचं फार ऐकलंय. आज उपयोग होऊ दे.’ मी बाह्या सरसावल्या. आधी रेकॉर्ड रूममध्ये घुसलो, तिथे 1987 ची लेजरं हलवली. एटीएमच्या मागे वाकलो. लॉकरच्या खोलीत एका वयस्कर बाईंना ‘आजी, तुमच्या लॉकरमध्ये खाण्याचं काही आहे का?’ असं विचारलं आणि त्यांनी माझ्याविरुद्ध तक्रारवही मागवली. मागे शिपाई झाडू घेऊन, त्याच्या मागे रखवालदार बंदूक घेऊन, आणि काउंटरपलीकडे पेन्शनर मंडळी रुमाल लावून, अशी ही वरात वासाच्या मागोमाग वळत वळत, ‘जवळ आलाय, जवळ आलाय’ असं माझं चाललेलं, शेवटी येऊन थांबली ती माझ्याच टेबलापाशी. मी खण ओढला. आत शेकर फुगून उभा होता. मी, मूर्खासारखा, त्याचं झाकण उघडलं.

शाखा दुपारी दोनपर्यंत बंद ठेवावी लागली.

त्यानंतर शेक घरातच, असं ठरलं. बायकोने हुशारी केली. तिने बिनचवीची पावडर आणली आणि मला न सांगता उकळत्या वरणात घातली. हे प्रोटीन कोमट पदार्थात निमूट मिसळतं, पण कडकडीत गरमात पडलं की अंड्याच्या बलकासारखं गोठतं. हे आम्हाला नंतर कळलं. पातेल्यात पिवळ्या पाण्यावर पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या. आईने डोकावून पाहिलं आणि सून ऐकेल इतपत हळू आवाजात म्हणाली, ‘वरण नासलेलं मी आजच पाहिलं हो.’

मग पावडरीची चौकशी सुरू झाली. हे असतं काय? कशाचं करतात? मुलगी डब्यावरचं वाचून आजीला सांगू लागली. व्हे प्रोटीन. म्हणजे दुधाचं चीज करताना घट्ट भाग वेगळा काढतात, आणि जे पाणी उरतं ते आटवून, वाळवून त्याची ही पूड.

‘जे पाणी उरतं?’ आई म्हणाली. ‘म्हणजे चक्क्याचं पाणी?’

‘तसंच काहीसं, आजी.’

आई मटकन स्टुलावर बसली. दर पाडव्याला, दर दसऱ्याला आमच्याकडे दही फडक्यात बांधून मोरीतल्या नळाला टांगलेलं असतं. रात्रभर ठिपठिप गळतं. सकाळी वरचा चक्का श्रीखंडाला, आणि खालचं पाणी थोडं कणकेत, थोडं कढीपत्त्याच्या कुंडीत, बाकी मोरीत. ‘साडेपाच हजारांचं चक्क्याचं पाणी!’ ती म्हणाली. आणि मला आठवलं, लहानपणापासून मी चक्का खात आलो आणि पाणी वाहून गेलं. आता चक्का बंद आणि तेच पाणी पूड होऊन, केशर-पिस्त्याचा मुखवटा घालून, वसुलीला दारात उभं. पण कढीपत्ता मात्र आमच्या कुंडीतला बघावा. काय तरारलेला असतो.

त्या दिवसापासून शेक घुसळायचं काम आईने घेतलं. तारेचा गोळा तिने मुलीच्या जुन्या खेळण्यांत टाकला आणि रवी काढली. गुठळी म्हणून राहत नाही हो, फेस तर असा येतो. चव तीच. पण रवी फिरवताना ती माझ्या तोंडाकडे ज्या नजरेने बघत असते, त्या नजरेपुढे नाही म्हणायची माझी टाप नव्हती, म्हणून मी पेला उचलायचो आणि ती वळली की बेसिनमध्ये थोडं, पोटात थोडं, असं करायचो. ‘पेला रिकामा झाला, आणखी करू?’ ती विचारायची.

मध्ये भाचीचं लग्न आलं. मुलीचा मामा म्हणजे अंतरपाटापाशी उभं राहण्याचा मान आणि आहेराचा खड्डा, दोन्ही माझ्याकडे. पूर्वीच्या लग्नांत मी निम्मा आहेर जिलब्यांतून वसूल करत असे. या वेळी ती सोय नव्हती. पंगतीत मी लहान मुलांच्या ओळीला बसलो, म्हणजे पानात कमी वाढतील. पण आचाऱ्याचा माणूस मला ओळखत होता, आधीच्या लग्नापासून. त्याने मसालेभाताचा डोंगर केला. मी त्यातला एक चमचा घेतला. घास 25 वेळा चावायचा असतो, मनात आकडे मोजायचे असतात. नऊपर्यंत आलो आणि व्याहीबुवा समोर येऊन ‘काय मामा, जेवताय ना?’ म्हणाले. मी शिष्टाचाराने गिळून ‘हो’ म्हणालो.

तो घास छातीच्या मध्यावर येऊन बसला तो बसलाच. वर येईना, खाली जाईना. अशा वेळी तोंडाला फेसाळ लाळ सुटते, बोलता येत नाही आणि डोळ्यांतून घळघळा पाणी वाहतं. मी उपरण्यात तोंड खुपसून उठलो आणि स्टेजच्या मागे, नवऱ्या मुलीच्या खुर्चीचा पाठीमागचा दांडा धरून उभा राहिलो. भाचीने वळून पाहिलं. मामा रडतोय! तिला हुंदका आला. तिचं बघून ताईला आला. ताईचं बघून दोन्ही मावश्या, त्याच बॅरिस्टरवाल्या, पदर डोळ्यांना लावून आल्या. सनईवाल्याला वाटलं वेळ झाली, त्याने सूर बदलला. मी दोन्ही हातांनी ‘नाही, नाही’ करत होतो आणि ताई माझे हात धरून ‘जायलाच हवं रे तिला’ म्हणत होती.

पाठवणी अशा रीतीने जेवणाच्या दुसऱ्या पंगतीआधीच उरकली. मग मला एक बारीकशी ढेकर आली, घास खाली गेला, आणि अल्बममध्ये माझे सात फोटो आहेत.

पाचव्या महिन्यात केस गळू लागले. ते होणारच होतं, पुन्हा येतात म्हणे. वजन 94 वर आलं. जुन्या पँटीत मी आणि माझा मेहुणा दोघे मावलो, तसा फोटोही काढला. सगळे ‘वा, वा’ म्हणत होते. फक्त संध्याकाळी जेवायची वेळ झाली की घरात कुणी माझ्याशी नीट बोलायचं नाही. म्हणजे बोलायला विषयच उरला नव्हता. ‘आज काय करू?’ हा प्रश्न चोवीस वर्षं रोज विचारला गेला होता आणि त्याच्या उत्तरात आमची भांडणं, लाड, माफ्या सगळं आपोआप होऊन जायचं. आता बायको पेन्सिल घेऊन कालनिर्णयपाशी उभी राहायची, आणि मी म्हणायचो, ‘कर काहीही.’

मागच्या मंगळवारची गोष्ट. बाहेर पाऊस. बायको आणि मुलगी खरेदीला गेलेल्या. माझ्या वहीत दिवसाचं प्रोटीन 31 ग्रॅमवर अडकलेलं आणि फडताळातून पाचही डबे माझ्याकडे बघतायत. मी चॉकलेटचा डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं. आंब्याचा तर उघडलाही नाही. आई भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात आली आणि मला म्हणाली, ‘सर बाजूला.’

तिने देवरुखहून आलेल्या कुळथाच्या पिठाचा डबा काढला. तिच्या माहेरचा. लसूण ठेचला. मी दाराची मूठ धरून तयारीत उभा राहिलो, कारण आता फोडणी होणार आणि मला पळावं लागणार, हे ठरलेलं. लुंगीही नीट खोचली. तेलात लसूण पडला, तांबूस झाला, मिरची पडली, हिंग पडला. मी वाट बघत होतो. पाण्याला आधण आलं, तिने दोन आमसुलं टाकली आणि पिठाची धार सोडत पळी फिरवू लागली. भाजल्या मातीसारखा, पहिल्या पावसासारखा तो करडा वास वर आला, माझ्या नाकात शिरला, नाकातून त्या केळ्यात उतरला. आणि तिथेच बसला. गुमान.

मी मूठ सोडली.

चांदीच्या वाटीत तळाशी चमचाभर मऊ भात, वर ते वाफाळतं पातळ पिठलं. तुपाची वाटी तिने सवयीने हातात घेतली, माझ्याकडे पाहून परत ठेवली. मी पहिला चमचा 25 वेळा चावला, खरं म्हणजे त्यात चावण्यासारखं काही नव्हतं. दुसरा मोजला नाही. काठाच्या पोच्यापाशी थोडं अडकलेलं असतं ते मी बोटाने काढून घेतलं. किती ग्रॅम झाले ते वहीत लिहायचं राहून गेलं.

‘अजून वाढ,’ मी म्हणालो.

आठ महिन्यांत हे शब्द माझ्या तोंडून निघाले नव्हते. आईची पळी हवेत थांबली. तिने पातेल्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे, चष्मा पुसून.

‘पुरे,’ ती म्हणाली, आणि माझ्या हातातून वाटी काढून घेऊन मोरीकडे गेली.